दुर्रीची जोडी आणि फ्लॉपनंतरची कसोटी
दादा, टेक्सस होल्डेम पोकरमध्ये (हातात दोन पत्ते, मध्ये पाच सामाईक) दुर्रीची जोडी वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजापेक्षा सरस, म्हणून समोरून रेझ (वाढवलेली बोली) आलं तरी नेहमी कॉल करावा, म्हणजे तेवढेच चिप्स लावून टिकावं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आकडा खरा आहे, जोडी ५२-५३ टक्के वेळा जिंकते. पण तो मधले पाचही पत्ते उघडेपर्यंत दोघं टिकले तरचा, म्हणजे सगळे चिप्स आधीच मध्ये गेले असतील तरचा.

आम्ही गुहागरला गणपतीच्या जागरणात चिप्सऐवजी काजूच्या बिया लावून नो-लिमिट (बोलीला मर्यादा नसलेला) खेळतो. तिसरी दुर्री फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत, येते साधारण १२ टक्के वेळा. एरवी राणी, नव्वी, सत्ती असलं काहीतरी पडतं, समोरचा बेट करतो आणि आपण जोडी टाकून देतो. त्याच्याकडे नुसता एक्का-राजाच असला तरी! आधी बोलायची पाळी आपली असली की आणखी कठीण. उलट एका रंगाचे गुलाम-दश्शी घ्या. एक्का-राजासमोर ४० टक्क्यांच्या आसपासच, पण सिक्वेन्स किंवा कलरच्या आशेवर फ्लॉपनंतरही तग धरता येते.

दोघांकडे बिया भरपूर असतील तर तिसऱ्या दुर्रीसाठी छोटा कॉल मीही करतो. समोरच्याकडे वीसच उरल्या असतील तर नाही, दुर्री लागूनही वसूल काय होणार?