मदत हवी आहे : कारने उडवलं, भावाच्या पायात रॉड, भरपाईसाठी वकील कसा शोधायचा?

करमाळ्याची_ताई
भाऊ मोटारसायकलवरून ड्युटीला चालला होता, रांजणगावजवळ कारने मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. काम दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं, ते होत नाही. कारमालक साठ हजार देतो म्हणतो, पण स्टँप पेपरवर 'काही तक्रार नाही' अशी सही मागतोय. भेटलेले वकील भरपाईचे तीस टक्के मागतात. एवढे द्यायचे असतात का? लवकर सांगा, मालकाचे सारखे फोन येतात.

माळशेज
अपघात कधीचा? एफआयआर झाला का? कारचा विमा चालू होता का?

अण्णा_नागपूर
कोर्टात पडू नका. मेहुण्याची केस वर्षानुवर्षं चालली. हातात येताहेत ते घ्या.

इंद्रायणी
अण्णा, असं सांगू नका हो. रॉड काढायचा झाला तर पुन्हा ऑपरेशन, तो खर्च कोण देणार? कारचा थर्ड पार्टी विमा असेल तर भरपाई विमा कंपनी भरते. ताई, सही अजिबात नको. आणि टक्क्यांवर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

गाडीवान
हेल्मेट होतं का? नसेल तर भरपाई कापतात.

माळशेज
मोडलाय पाय, हेल्मेटचं काय काढलंत?

शुभदा_ठाणे
मेडिक्लेम असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं जपून ठेवा. आमचा क्लेम एका बिलासाठी अडला होता.

करमाळ्याची_ताई
मेडिक्लेम नाही. हेल्मेट होतं. एफआयआर आहे, अपघात फेब्रुवारीच्या शेवटी झाला. विम्याचं माहीत नाही.

इंद्रायणी
फेब्रुवारी? अहो, गणपती तोंडावर आले! १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांत दावा टाकायची अट आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. दावा भाऊ राहतो तिथेही चालतो, पुण्यालाच जायला हवं असं नाही. विम्याचा कागद पोलिसांच्या केसपेपरात मिळेल.
वकिलासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. भावाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

अण्णा_नागपूर
फुकटचे वकील तारखेलाही येत नाहीत.

शुभदा_ठाणे
माझ्या मावशीचा दावा विधी सेवेच्या वकीलबाईंनीच लढवला, एकही तारीख चुकवली नाही.

माळशेज
अपंगत्वाचा दाखला सिव्हिल हॉस्पिटलमधून घ्या. पण दाखल्यातल्या अपंगत्वाच्या टक्क्यांवर थांबू नका, काम काय होतं ते दाव्यात नीट लिहून घ्या. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०११ : डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. उभ्याच्या कामाला तेच लागू. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात का? ड्युटीवर जातानाचा अपघात त्यातही बसू शकतो.

करमाळ्याची_ताई
ईएसआय नाही बहुतेक. कंत्राटदाराकडे आहे, स्लिप देत नाही. मधले काही महिने पगार बँकेत जमा झालाय.

माळशेज
मग पासबुक भरून घ्या, गेटपासची झेरॉक्स काढा. सोबत काम करणारा कुणी साक्षीला येईल का?