छातीवर बोट वाजवणं कालबाह्य? साफ नामंजूर

तापीकाठ:
काल इथे एका डॉक्टरांनी लिहिलं, "सोनोग्राफीच्या जमान्यात छाती ठोकून बघणं म्हणजे वेळ घालवणं." डोकं फिरलं वाचून. माझ्या मामांचा ताप न्यूमोनियाच्या औषधांनी उतरेना. एका दवाखान्यात सदरा वर न करताच गोळ्या बदलल्या. शेवटी भुसावळला एका जुन्या डॉक्टरांनी पाठीवर बोट वाजवलं. उजवीकडे खाली दगडावर वाजवल्यासारखा बद्द आवाज. तिथे श्वास ऐकू येईना. "एक एक एक" म्हणायला लावलं तर पाठीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताला कंप लागेना. श्वासनलिका डावीकडे सरकलेली. नुसता न्यूमोनिया असता तर कंप उलट वाढला असता. त्याच दिवशी जळगावला सुईतून फुफ्फुसाभोवती साचलेला दाट पू निघाला, नळी टाकली.

रेडिओ_धुळे:
मामा वाचले, आनंद आहे. पण फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय एवढंच बोटाला कळतं, ते पू आहे का ते नाही. सुमारे 300 मिलीच्या आत तर पाणीही कळत नाही. सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग) त्याहून कितीतरी कमी दाखवतो, आतले कप्पेही दाखवतो. एका पेशंटला असाच बद्द आवाज होता, सुई घालायची तयारी झाली होती. सोनोग्राफीत निघालं यकृताचं गळू, त्याने डायफ्राम, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, वर ढकललेला. तिथे बोटावर विसंबलो असतो तर?

सातपुडा_एमओ:
मशीन आहे कुठे भो? धडगावच्या पाड्यांवर या एकदा. पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेबाहेर नेता येत नाही, फिरत्या पथकाची वेगळी नोंदणी लागते.

रेडिओ_धुळे:
म्हणजे पीसीपीएनडीटी, गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा, सैल करायचा?

लेवा_लेक:
खबरदार! 2011च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या 1000 मुलग्यांमागे 850 मुलीही नव्हत्या. माझ्या जावेला तिसऱ्या खेपेला कुठे कुठे नेलं, ते मी पाहिलंय. कायद्याला हात लावायचा नाही.

सातपुडा_एमओ:
ताई, पाप शहरातल्या पैसेवाल्यांनी केलं. त्याची सजा पाड्यावरच्या लेकरानं का भोगायची? छातीच्या प्रोबने गर्भ बघायला कोण निघालंय?

लेवा_लेक:
मशीन तेच असतं, प्रोब बदलला की झालं. पथकाची नोंदणी मागा, मी सही करते. सूट मागू नका.

रेडिओ_धुळे:
बरं, मशीन नाही तिथे ठोका, तेवढं मानतो. पण ठोकून घरी पाठवू नका. ताप हटत नाही आणि एका बाजूला बद्द आवाज, तर पेशंट त्याच दिवशी पुढे गेला पाहिजे.

तापीकाठ:
पू की पाणी ते सुईच सांगणार, मान्य. पण मामांना सुईपर्यंत बोटानेच पोचवलं. सदरा वर करायला कोणती नोंदणी लागते?