किल्ली, पॉलिसी, गॅसचा दिवा: जोडीदाराच्या खुनाचे सिनेमे नुसती कोडी आहेत का?

चौथी_भिंत

काल 'मध्यंतर' यांनी लिहिलं की नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला मारायचे सिनेमे म्हणजे शब्दकोडी: खून कसा केला, पकडला कसा, संपलं. लग्नाबद्दल त्यात काही नसतं, म्हणून ते दुसऱ्यांदा बघवत नाहीत. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. रहस्य फुटलेलं चालत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

परका खुनी कुलूप फोडतो. इथे मारणाऱ्याकडे किल्ली असते, एवढ्या एका फरकावर हा सगळा प्रकार उभा आहे. 'डायल एम फॉर मर्डर' (१९५४) घ्या. नवरा टोनी स्वतः हात लावत नाही, पण योजना संपूर्णपणे बायकोच्या सवयींवर बेतलेली. फोन वाजला की मार्गो अंथरुणातून उठून टेबलापाशी येणार आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहणार. तिची किल्ली पर्समध्ये असते, ती काढून तो जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो. त्या किल्लीने मारेकरी स्वॉन दार उघडतो आणि पडद्यामागे लपतो. मग बिघडतं. टोनीचं घड्याळ बंद पडतं, फोन उशिरा जातो, गळा आवळला जात असताना मार्गोच्या हाताला कात्री लागते आणि स्वॉनच मरतो.

आता खरी चूक बघा. घरी आल्यावर टोनी प्रेताच्या खिशातली किल्ली काढून बायकोच्या पर्समध्ये टाकतो. स्वॉनने मात्र दार उघडल्याबरोबर मार्गोची किल्ली परत गालिच्याखाली ठेवलेली असते. खिशातली त्याच्या स्वतःच्या घराची. बायको कुठल्या मिनिटाला मरेल हे ठरवणारा माणूस तिची किल्ली हातात धरूनही ओळखत नाही. हे लग्नाबद्दल नाही तर कशाबद्दल आहे?

'सस्पिशन'मधला (१९४१) दुधाचा पेला आठवा. नवरा अंधाऱ्या जिन्याने तो घेऊन वर येतो आणि आपली नजर पेल्यावरून हटत नाही, कारण दिग्दर्शक हिचकॉकने दुधात बल्ब लावला होता. रोज रात्री प्रेमाने आणून द्यायची वस्तू, त्यातच विष असेल का ही भीती. परक्याच्या हातातल्या पेल्याची अशी भीती वाटत नाही.

मध्यंतर

माझं मत बदललेलं नाही. किल्लीचं चांगलं सांगितलंत, पण ते सगळं टोनीबद्दल झालं. मार्गो कुठे आहे? स्वॉनच्या खुनाबद्दल तिच्यावरचा खटला दिग्दर्शक मिनिटभरात उरकतो: तिचा चेहरा, मागे बदलते रंग, कानावर आवाज आणि थेट फाशीची शिक्षा. नवऱ्यानेच हे केलं हे कळल्यावर तिचं काय झालं, यासाठी शेवटी दोन-चार वाक्यं. खुनी माणसाला घड्याळ, फोन, किल्ली असं सगळं मिळतं. बायकोला कात्री मिळते, तीही चुकून.

'सस्पिशन' तर तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. मूळ कादंबरीत नवरा खुनी आहे आणि बायको ते ओळखूनही पेला पिते. सिनेमात त्याला निर्दोष करून टाकलं. लग्नाबद्दलची सगळ्यात भयंकर गोष्ट होती, नेमकी तीच गाळली.

लग्न बघायचं असेल तर 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३) बघा. नवरा मेल्यावर बायकोवर खटला चालतो, आणि त्याने गुपचूप रेकॉर्ड केलेलं दोघांचं भांडण कोर्टात वाजतं. आधी ते भांडण डोळ्यांसमोर दिसतं: कोणाला लिहायला वेळ मिळतो, मुलाचं कोण करतं, घरात कोणाची भाषा बोलायची. मारहाण सुरू होते त्या क्षणी चित्र कोर्टात परत येतं, पुढचा फक्त आवाज. कोणी कोणाला मारलं हे आपण बघितलेलंच नाही, ऐकलंय. तिने खून केला की नाही हे सिनेमा सांगत नाही, आणि तरीही त्या दोघांबद्दल तुम्हाला तुमच्या टोनी-मार्गोपेक्षा दहापट जास्त कळतं.

कच्ची_फिल्म

दोघेही 'डबल इन्डेम्निटी'ला (१९४४) वळसा घालून गेलात, आणि या वादाचं उत्तर तिथेच आहे. बायको फिलिस आणि विमा एजंट नेफ नवऱ्याच्या नकळत त्याची सही घेतात. त्याला वाटतं गाडीच्या विम्याचा कागद आहे. अपघाती पॉलिसी ५०,००० डॉलरची, आगगाडीच्या अपघातात दुप्पट. खून मोटारीत होतो. नेफ मागच्या सीटवर दडलेला, फिलिस तीनदा हॉर्न वाजवते, आणि कॅमेरा खुनाकडे वळतच नाही. तो तिच्या चेहऱ्यावर थांबतो. नवरा मरतोय आणि बायको समोर रस्ता बघतेय. संवाद एकही नाही. लग्न याहून जास्त कसं दाखवणार?

आणि हे उकलायला सुरुवात होते कशाने? नवऱ्याचा पाय मोडलेला असतो, तरी त्याने विम्याचा दावा केलेला नसतो. विमा कंपनीत दावे तपासणारा कीज तिथे अडतो: अपघाती पॉलिसी असलेला माणूस मोडक्या पायाचे पैसे का सोडेल? कारण आपल्या नावावर अशी पॉलिसी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. कोड्याचं उत्तर आणि लग्नाचं वर्णन एकाच वाक्यात.

शेवटची_रांग

'गॅसलाइट' कोणी काढला नाही याचं नवल वाटतं. आजकाल कोणी साधं खोटं बोललं, विसरलं, मतभेद दाखवला, तरी लोक 'गॅसलायटिंग' म्हणतात. सिनेमात त्याचा अर्थ नेमका आहे. नवरा रोज बाहेर जातो असं सांगून मागून माळ्यावर चढतो, दागिने शोधायला दिवा लावतो, आणि खाली बायको पॉलाच्या खोलीतल्या गॅसच्या दिव्याची ज्योत बसते, म्हणजे बारीक होते. ती सांगते ज्योत बसली. तो म्हणतो तुझ्या मनाचे खेळ.

मध्यंतर

त्यात बायकोचा खून नाही. खून तिच्या मावशीचा, वर्षांपूर्वीचा. नवऱ्याला तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचंय. धाग्याचा विषय बघून लिहा.

शेवटची_रांग

तिच्या शुद्धीचा खून आहे तो. आणि विषय शिकवायची गरज नाही, सिनेमा १९४० चाही बघितलाय आणि १९४४ चाही.

दाब_आणि_प्रवाह

सिनेमा उत्तम, पण गॅसचं मला कधी पटलं नाही. घराच्या जोडणीवर दाब नियंत्रक असू शकतो. माळ्यावर एक बर्नर जास्त लागला म्हणून खालची ज्योत इतकी का बसावी? पडद्यावर खोली अर्धी अंधारते.

कच्ची_फिल्म

नियंत्रक स्वतःपाशी दाब स्थिर ठेवतो, पुढच्या नळीत नाही. नळीतून प्रवाह वाढला की घर्षणाने दाब उतरतो. पॉलाची खोली आणि माळा एकाच उभ्या नळीवर असतील, तर वरचा दिवा लागल्यावर फाट्यापाशी दाब कमी होतो आणि खालची ज्योत बसते. वरचा दिवा जळतो तोवर ती बसलेलीच राहते, क्षणभर थरथरून सावरत नाही. वर शॉवर चालू असताना त्याच नळीवर खाली नळ सोडला की शॉवरची धार बारीक होते, तसंच. सिनेमात अगदी हेच होतं.

दाब_आणि_प्रवाह

दिशा बरोबर, प्रमाण चूक. एका दिव्याचा प्रवाह किरकोळ. एवढा फरक पडायला नळी फार बारीक हवी, नाहीतर चोंदलेली.

कच्ची_फिल्म

मग चोंदलेली धरा. कोळशाच्या गॅसमधलं नॅफ्थलीन थंडीत नळ्यांत साचायचं, खालच्या वळणांत पाणी धरायचं. त्या काळातल्या नेहमीच्या तक्रारी आहेत.

दाब_आणि_प्रवाह

साचलं तर कुठे साचलं हे महत्त्वाचं. फाट्याच्या आधी हवं. फाट्यानंतर माळ्याकडच्या नळीत चोंदलं असेल तर उलट वरचाच दिवा मिणमिणेल आणि पॉलाला पत्ताही लागणार नाही.

शेवटची_रांग

तिथे एक बाई वेडी ठरवली जातेय आणि तुम्ही नळ्या मोजताय!

दाब_आणि_प्रवाह

नळ्या मोजल्याशिवाय ती वेडी नाही हे सिद्ध कसं करणार? तिच्याकडे दुसरा पुरावाच नाही. नवरा बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने ज्योत बसते आणि तो परतण्याआधी चढते. मोलकरणीने दुसरीकडे दिवा लावला का, हे ती विचारते. म्हणजे घरात दुसरा दिवा लागला की असं होतं हे तिला पक्कं माहीत आहे. तिचं निरीक्षण काटेकोर आहे. आणि ज्योत बसलेली बाहेरचा डिटेक्टिव्ह स्वतःच्या डोळ्यांनी बघतो तेव्हाच तिची सुटका सुरू होते. प्रमाणाबद्दलची माझी शंका अजून आहे. पण फाट्याआधी नळी चोंदलेली असेल तर मी मानतो.

मध्यंतर

इथे बायकोला काय दिसतं यावरच सगळं कोडं बांधलंय. 'गॅसलाइट' पुरतं तुमचं मान्य, आणि हॉर्नच्या दृश्याबद्दलही वाद घालणार नाही. पण मार्गोच्या प्रश्नाचं उत्तर चौथी_भिंत यांनी अजून दिलेलं नाही.

चौथी_भिंत

देतो. शेवट नीट आठवा. इन्स्पेक्टर हबर्ड फाशीच्या आदल्या दिवशी मार्गोला घरी आणवतो आणि आत बसून ऐकतो. ती पर्समधली किल्ली लावते. लागत नाही. गालिचा तिथेच, दोन पावलांवर, पण त्याच्याकडे ती बघतसुद्धा नाही. बागेकडून आत येते. तिला त्या किल्लीबद्दल काहीही ठाऊक नाही, हेच तिच्या निर्दोषपणाचं सिद्ध होणं. मग टोनी येतो, तीच किल्ली लावतो, तीही लागत नाही. परत निघतो, थबकतो, वळतो, गालिच्याखाली हात घालतो आणि दार उघडतो. एकाच दाराबाहेर आधी बायको, मग नवरा, दोघांच्या हातात चुकीची किल्ली. कोण कोणाशी कसं वागलं ते तिथे कळतं, आणि संवाद लागत नाही. तुम्ही मार्गोचे संवाद मोजलेत म्हणून ती तुम्हाला दिसली नाही.

मध्यंतर

ती येते तेव्हा मी फक्त इन्स्पेक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होतो, हे खरं. खटला मिनिटात उरकला याबद्दलची माझी तक्रार कायम आहे. तेवढा शेवट परत बघतो आणि लिहितो.