मदत हवी आहे : गोव्यावरून छोटं विमान न्यायचंय, आत घेतील का?

किनारा१७२ :
येत्या शनिवारी बाबांना वरून गाव दाखवायचंय. सेसना १७२ आहे, माझं पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) आहे. मागच्या महिन्यात एका मोठ्या विमानतळाच्या हद्दीबाहेर २० मिनिटं ऑर्बिट करायला (घिरट्या घालायला) लावलं आणि शेवटी परत पाठवलं. इंधन गेलं ते गेलं, आई मागे डोळे मिटून बसली होती. बाबा ७८ वर्षांचे आहेत, तसं पुन्हा नको. एडीसी (एअर डिफेन्स क्लिअरन्स) नंबर तेव्हाही होता. काय करू? लवकर सांगा.

घाटमाथा :
कुठून उडणार? किती वाजता? गाव कुठलं?

मांडवीकाठ :
दाबोळी विमानतळ म्हणजे नौदलाचा तळ आयएनएस हंसा, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) त्यांचंच. आठवड्याचे पाच दिवस सकाळी ८.३० ते दुपारी १ त्यांच्या सरावाची वेळ. तेव्हा जाऊच नका.

किनारा१७२ :
शनिवार लिहिलंय वर.

नियमावली :
पीपीएलवर प्रवाशांकडून पैसे घेता येत नाहीत. त्यासाठी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आणि डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतूक नियामकाचं, नॉन-शेड्यूल्ड परमिट लागतं.

किनारा१७२ :
पैशांचं कुणी विचारलंय? वडील आहेत माझे.

रेतीवाट :
हेलिकॉप्टर भाड्याने घ्या ना, कटकट नाही. आम्ही घेतलं होतं, मुलं खूश झाली.

घाटमाथा :
त्यांना मुलाच्या हातचं विमान बघायचंय, हेलिकॉप्टर कशाला? किनारा, एडीसी नंबर म्हणजे हद्दीत शिरायची परवानगी नव्हे. तो हवाई संरक्षणासाठी. आत शिरायचा क्लिअरन्स वेगळा, तो कंट्रोलर देतो. आणि अजून गाव सांगितलं नाहीत.

किनारा१७२ :
हरमल. कोल्हापूरहून निघणार, सकाळी ७.३० ला.

घाटमाथा :
अहो, हे आधी सांगायचं! मग दाबोळीच्या वाटेला जायचंच कशाला? हरमल पेडणे तालुक्यात, मोपाचा नवा विमानतळही पेडण्यात. तुमचा प्रश्न मोपाचा आहे.

मांडवीकाठ :
तरी दाबोळीला कळवावंच लागेल.

घाटमाथा :
कोणाशी बोलायचं ते मोपाचा टॉवरच सांगेल, आदल्या दिवशी फोन करा. मोपाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडून उतरणारं विमान पेडण्याचा किनारा ओलांडूनच येतं. तीन अंशांच्या उतारावर १० सागरी मैलांवर ते धावपट्टीपेक्षा जेमतेम ३,००० फूट वर असतं. तुम्ही १,५०० वर गेलात तरी त्याची वेक (मागे सुटणारे हवेचे भोवरे) खाली बसत येते. म्हणून 'गाव बघायचंय' असं मोघम सांगू नका. सिंधुदुर्गातल्या शिरोड्यावर घिरट्या घालत थांबतो, १,५०० फुटांवरून किनारा धरून हरमलपर्यंत जाऊन परत फिरतो, इतकी मिनिटं लागतील, असं सांगा. कंट्रोलरला तुमचा शेवट दिसला की तो दोन विमानांमधल्या फटीत तुम्हाला बसवतो. ऑर्बिट बहुधा त्यामुळेच झालं असेल, कुठून कुठे जाणार हेच कळलं नसेल.

किनारा१७२ :
खरंय. मी 'लोकल साइटसीइंग' एवढंच म्हटलं होतं.

दर्यासारंग :
दूधसागरही दाखवा, ३१० मीटरचा धबधबा आहे.

घाटमाथा :
नको. घाटात ढग खाली आले तर वयस्कर माणसाला घेऊन अडकाल. आंबोलीवरूनही ढग आणि उंची बघूनच उतरा.

रेतीवाट :
मोपाहून पणजीला टॅक्सी किती घेते हो? ५ जानेवारी २०२३ ला तिथून विमानं सुरू झाली, आम्ही अजून दाबोळीच पकडतो.

मांडवीकाठ :
वेगळा धागा काढा.

किनारा१७२ :
घाटमाथा, उद्या सकाळी फोन करतो. शिरोडा, तेरेखोल, हरमल असं मांडीवरच्या नकाशावर लिहून ठेवलंय. बाबांना कुठे बसवू? त्यांच्या घरामागे जुनं वडाचं झाड आहे, ते त्यांना दिसायलाच हवं.

घाटमाथा :
पुढे, तुमच्या उजवीकडे. दक्षिणेला जाताना जमीन तुमच्या बाजूला येईल, त्यांना समुद्रच दिसेल. वळून उत्तरेला निघालात की किनारा त्यांच्या खिडकीत. सेसनाचा पंख वर असतो, खाली बघायला आडवं काही येत नाही. त्या वेळी वेग थोडा कमी ठेवा, पण वळताना झाडाकडे तुम्ही बघू नका. ते बाबांना बघू द्या.