ट्विच प्रेडिक्शन: शेवटच्या क्षणी पॉइंट टाकणाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न: ट्विच या लाइव्ह व्हिडिओ साइटवर 'प्रेडिक्शन' असतं, म्हणजे कोण जिंकेल यावर प्रेक्षक चॅनेलचे पॉइंट लावतात. व्हॅलोरंट या गेमच्या स्ट्रीमवर काही जण निकालाचा अंदाज आल्यावरच पॉइंट टाकतात. आधी लावणाऱ्यांवर अन्याय होतो. उपाय?

उत्तर १: पॉइंट लावायची मुदत 30 सेकंद ते 30 मिनिटं ठेवता येते. खेळाडू एजंट (गेममधली पात्रं) निवडत असताना प्रेडिक्शन उघडा, 2 मिनिटं ठेवा. गरज पडली तर मॉडरेटरला (चॅनेल सांभाळणाऱ्या मदतनिसाला) मुदतीआधीच लॉक, म्हणजे बंद, करायला सांगा.

उत्तर २: नुकसान खरंच होतं, कारण सगळे पॉइंट एकाच गल्ल्यात जातात आणि जिंकणारे तो आपापल्या पॉइंटच्या प्रमाणात वाटून घेतात. निळा आणि गुलाबी हे दोन पर्याय; निळ्यावर 6,000, गुलाबीवर 2,000 असतील आणि गुलाबी जिंकला, तर तुमच्या 100 चे 400 होतात. शेवटी कुणी गुलाबीवर आणखी 2,000 ओतले की तेच 250.

उत्तर ३: आणि मॅच मध्येच तुटली तर प्रेडिक्शन रद्द करा, सगळ्यांचे पॉइंट परत जातात. निकाल मात्र स्कोअरबोर्ड बघूनच जाहीर करा. नंतर बदलता येत नाही.