‘दारू लागली’ की ‘दारू लावली’?

आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे पिणाऱ्याबद्दल अहिराणीत ठरलेलं वाक्य आहे: ‘त्याले दारू लागनी.’ प्रमाण मराठीत ‘लागली’. तहान लागते, ठेच लागते, तशी. ‘व्यसनाच्या आहारी गेला’ म्हटलं तरी जाणारा तोच; नेणारा वाक्यात नाहीच. माझ्या चुलतभावाच्या दहाव्याला दिवसभर हेच ऐकलं. त्याला उधारीवर पाजणारा माणूस तिथेच बसला होता, पण ‘लावली’ असं कोणाच्याही तोंडून निघालं नाही. पुरवणाऱ्याला वाक्यात ओढून आणणारा शब्द आपल्याकडे आहे का?

धुळ्याहून:
‘गुत्ता’ बघा. आज आपण त्याचा अर्थ दारूचा अड्डा एवढाच घेतो. मूळ अर्थ मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून गुत्तेदारच म्हणतात. इंग्रजी अमलात दारू विकायचा हक्क लिलावात जाई आणि पैसा सरकारजमा होई. म्हणजे पुरवणारा या शब्दात आहे, आपणच त्याला विसरलो. दुसरा शब्द ‘गिऱ्हाईक’. तो ‘ग्राहक’वरून आला, म्हणजे घेणारा. पण ‘मला गिऱ्हाईक केलं’ म्हणजे फसवलं! घेणारा आणि सापडलेला, दोघे एकाच शब्दात.

शहाद्याहून:
दारूपेक्षा मला ‘उचल’ जास्त छळतो. आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजणी अवजारानं. मुकादम आगाऊ पैसे देतो, पण वाक्य होतं ‘त्यानं उचल घेतली’. हंगाम संपला की ‘त्याच्याकडे बाकी निघाली’. देणारा पुन्हा गायब! वेठबिगारीचा कायदा १९७६चा आहे आणि त्यानं वेठीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपवली. जिथे उचलीपायी माणूस बांधला गेला, तिथे ‘बाकी’ हा शब्दच खोटा आहे. ‘वेठीस धरणे’ मात्र प्रामाणिक: धरणारा कोण, हा प्रश्न उठतोच. (‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून, ‘बिगार’ फारसी, दोन्हींचा अर्थ फुकट राबणं.)

जळगावहून:
सगळा भार पुरवणाऱ्यावर टाकायला मी तयार नाही. ‘मी प्यायलो’ हेही खरं वाक्य आहे आणि सुटायची वाट तिथूनच सुरू होते. पण नशा आणि गुलामी यांत ‘वापरणारा’ एकच नव्हे. नशा करणारा स्वतःचं शरीर जाळतो, घरालाही झळ लावतो. गुलाम वापरणारा दुसऱ्याचं आयुष्य खातो. त्याला ‘आहारी गेला’ म्हणता येणार नाही. १७९१ साली इंग्लंडात कितीतरी घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली, कारण गुलामाच्या घामाचा गोडवा आपल्याच कपात येतो हे त्यांना पटलं. उसाची साखर आपणही खातो, दादा. मग त्या कोयत्याच्या वाक्यात कर्ता कोण?

मूळ प्रश्नकर्ता:
कपाचं वाचून थांबलो. भावाबद्दल ‘तो प्यायला’ हे मी मान्य करतो. पण त्याच्या शेजारी ‘त्याला लावली’ हेही लिहिणार. वर्षश्राद्धाला बोलायची वेळ आली तर मोठ्यानं म्हणणार. फक्त तिथे प्रमाण भाषा परकी वाटेल. साक्री-शिरपूरकडच्या जाणकारांनो, तुमच्या अहिराणीत ‘लावली’ला काय म्हणता?