मदत हवी आहे : तळघरात पाणी पाझरतंय

बेळगावच्या वडगावात, बळ्ळारी नाल्यापासून जवळच आमचं जुनं घर. तळघरात पूर्वी माग होते, आता तांदळाची पोती. मिरग सरून आर्द्रा लागल्या की जमीन-भिंतीच्या सांध्यातून पाणी येतं, सकाळी घोट्याएवढं. गिलावा नखानं खरवडला तरी पडतो.

भिंतीला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून बघितला. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला. म्हणजे नुसती दमट हवा नाही, भिंतीतूनच येतंय. गवंडी म्हणतो आतून केमिकल मारा. मागं मारलेलं फुगून आलं (पैसे गेले ते गेलेच). बाहेरून पाण्याचा दाब असताना आतला लेप टिकतो का हो? की बाहेर पायापर्यंत खणून खडीत भोकांचा पाइप घालू? शेजाऱ्याची भिंत दीड फुटावर आहे, तीच भीती. दिवाळीनंतर काम काढायचंय. कुणी केलं असेल तर सांगा.